कपाटाची किल्ली

आमच्या शाळेत प्रयोगाचं एक कपाट होतं. सूक्ष्मदर्शक आत, किल्ली मास्तरच्या खिशात. 'हात लावू नका!' हे वाक्य आमच्या बापजाद्यांनी पाणवठ्यावर ऐकलेलं. मी सातवीत गेलो तेव्हा भिंतीवर पडदा आला. मास्तरनं बटण दाबलं, पडद्यावर तरफ हलली, आम्ही बघितली. संपलं विज्ञान! तरफ मला कळली ती गोदीत, पहार टेकून पेटी उचलताना.

१९७२ साली मध्य प्रदेशात, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत, किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटरनं सहावी ते आठवीच्या पोरांच्या हातात थेट प्रयोगाचं सामान दिलं. चार-चार पोरांची टोळी, प्रयोग त्यांचा, प्रश्नही त्यांचेच. परीक्षेत पुस्तक उघडं. १९७८ साली हे अख्ख्या जिल्ह्यात गेलं. २००२ साली सरकारनं बंद पाडलं. प्रश्न विचारणारी पोरं कुठल्या व्यवस्थेला परवडतात?

यंत्राशी माझं भांडण नाही. यंत्र कुणाच्या हातात, हे भांडण आहे. जातीनं हात आणि डोकं वेगळं केलं. एकानं राबायचं, दुसऱ्यानं जाणायचं. पडद्यापुढं पोरांना नुसतं बसवून ठेवणारा मास्तर तेच करतोय, फक्त विजेवर. १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. काठावरून बघून परत फिरले नाहीत.

विज्ञानाच्या मास्तरांनो, पडदा खुशाल राहू द्या. आधी किल्ली टाका. नाहीतर पहार आमच्याकडं आहेच.