तारपा आणि रॅपची पुढची वाट

हिप हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला, असे मानतात. नाचणाऱ्यांसाठी डीजे कूल हर्क तबकडीतला तालाचा तुकडा लांबवीत असे. पालघरच्या वारली पाड्यांवर तारपावादक हेच दमसासाने साधतो. त्याने सूर बदलला की फेराची पावले बदलतात.

मराठी रॅपने पुढे इकडे वळावे. मात्र आरंभी तारप्याचे चार सूर पेरून भागणार नाही. वारली चित्रे चहाच्या कपांवर छापून झालीच आहेत! १९६९ पासूनचे तारापूरचे अणुवीज केंद्र, बोईसरच्या कारखान्यांतील रात्रपाळ्या, खाडीत उतरलेले रासायनिक सांडपाणी, हे सारे वारली बोलीत, तिथल्याच पोरांच्या तोंडून यावे. आणि तारपावादकाला नावासह मानधन मिळावे.