चौकटीमागील नावे

गतमासी अकोल्यास एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात त्यांच्या कुटुंबाचे जुने छायाचित्र पाहण्याचा योग आला. पुरुषांची नावे यजमानांनी घडाघड सांगितली. मागील रांगेतील तिघी स्त्रियांपाशी मात्र त्यांचे बोट थबकले. ‘एक आत्या असावी, बाकीच्या कोण जाणे!’ चौकट उलटून पाहिली, तो मागे अमरावतीच्या छायाचित्रकाराचा शिक्का तेवढा.

तेव्हा आम्हांस हान्स होल्बाइन या चित्रकाराने १५२७ च्या सुमारास काढलेले, इंग्लंडातील सर टॉमस मोर यांच्या कुटुंबाचे रेखाचित्र आठवले. मध्यभागी मोर व त्यांचे वृद्ध वडील. सभोवार पत्नी, मुलगा, लेकी, भावी सून, घरी वाढलेली मानसकन्या, इतकेच नव्हे तर पदरचा विदूषकही! लेकींच्या हाती पुस्तके आहेत; त्या घरी विद्या केवळ पुरुषांकरिता नव्हती, हे त्यावरून उमगते. आणि प्रत्येकापाशी नाव व वय लिहिलेले आहे. १५३५ साली मोर यांचा शिरच्छेद झाला. मोठे रंगचित्र १७५२ साली आगीत नष्ट झाले. बाझेल येथे जतन केलेल्या या कागदामुळे मात्र ती प्रत्येक लेक आजही नावाने ओळखता येते.

घरी परतताच आम्ही आमची चौकट उलटली. तीही कोरीच! वृद्ध आत्याबाईंनी सहा नावे सांगितली. सातवे त्यांनाही आठवेना.

वाचकहो, सांगणारी माणसे आहेत तोवर चौकटी खाली उतरवा. मागे पेन्सिलीने नावे लिहा. स्त्रियांची माहेरची व सासरची, दोन्ही.