नकाशातली बुडालेली गावं

दोस्तांनो, सोयगावच्या मुलांना अजिंठ्याचा डोंगर रोजच दिसतो. त्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस तापीकडे जातो आणि दक्षिणेला पडलेला गोदावरीकडे. आज आपण त्या दक्षिणेच्या पाण्याबरोबर आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणला जाऊ या. एस.टी.नं नव्हे हं, नकाशावरून!

भारतीय सर्वेक्षण विभागाचे पैठण भागाचे दोन स्थलनिर्देशक नकाशे शेजारी मांडा. एक १९६५ च्या आधीच्या पाहणीचा, दुसरा १९७६ नंतरचा. (पाहणीचं साल समासात छापलेलं असतं. आधी ते बघायचं, मग नकाशा.) जुन्यात गोदावरी वळणं घेत चाललेली दिसते. काठानं गावं, शेतं, विहिरी, देवळं. नव्यात त्याच जागी भला मोठा निळा डाग! हा नाथसागर. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. मधल्या दहाएक वर्षांत नकाशा बदलला.

पण पाणी कुठपर्यंत येणार, हे जुना नकाशाच सांगत होता. कसं? समोच्च रेषा पाहा. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या त्या तपकिरी रेषा. धरण पूर्ण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट. म्हणजे जुन्या नकाशावर १५०० फुटांच्या रेषेवर एखादं घर असेल, तर त्याच्या अंगणात २२ फूट पाणी! दुमजली वाड्याइतकं. त्या रेषेच्या आतलं एखादं गाव निवडा आणि त्याचं नाव नव्या नकाशात शोधा. कधी ते सापडतच नाही, कधी दूर काठावर नव्या जागी भेटतं. तिथली माणसं घरदार, गोठे आणि काळीभोर जमीन सोडून उठली, हे मात्र कुठल्याच रंगात छापलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट नकाशा लपवतो. निळ्या डागाची कड पक्की दिसते, पण उन्हाळ्यात पाणी मागे सरतं आणि उथळ, चिखलाची पाणथळ जमीन उघडी पडते. लोक तिथं गाळपेर करतात. रोहित, चक्रवाक येतात ते अशाच उथळ पाण्याकाठी. १९८६ मध्ये हा जलाशय पक्षी अभयारण्य झाला. धरण बांधलं शेतीसाठी, पाहुणे आले पंखांचे!

आता तुमचं काम. आजी-आजोबांना विचारा, आपल्या गावाजवळ पूर्वी कुठं तळं, डोह किंवा दलदल होती. जागा कागदावर काढा आणि शाळेतल्या भूगोलाच्या सरांकडून किंवा बाईंकडून तालुक्याचा नकाशा मागून ती ताडून बघा. तिथं आता काय आहे, ते आम्हांला कळवा.