खरी गोष्ट आणि नुसती गोष्ट

“ही गोष्ट खरी का?” असें प्राथमिक शाळेंतील मूल विचारतें, तेव्हां शिक्षक बहुधा गोंधळतो. दोष सर्वस्वीं त्याचा नव्हे. आपल्या भाषेंत ‘गोष्ट’ हा शब्दच दुहेरी आहे. घडलेली तीहि गोष्ट, रचलेली तीहि गोष्ट! म्हणून नीतिकथा, दृष्टांत, दंतकथा, इतिहास हे भेद मुलांस लवकर उमगावेत असें आम्हांस वाटतें. मात्र व्याख्या पाठ करवून नव्हे.

सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीति १८२८ सालीं मराठींत छापली गेली. तींतील कोल्हा बोलतो, म्हणून कोणी छत्र्यांस लबाड म्हणत नाहीं. उधळा पुत्र कोणत्या गांवचा, हेंहि कोणी पुसत नाहीं. बापानें धांवत जाऊन त्याला मिठी मारली, एवढें मुलाला पुरतें.

खरी अडचण दंतकथेपाशीं येते. करमाळ्याच्या मुलांस कमलाभवानीच्या देवळाजवळील ९६ पायऱ्यांची बारव ठाऊक आहे. पायऱ्या मोजतां येतात. देऊळ रावरंभा निंबाळकरांनीं अठराव्या शतकांत बांधविलें, हा इतिहास. परंतु आजी त्याच बारवेविषयीं रात्रीं जें सांगेल, तें मोजतां येत नाहीं. तें ‘खोटें’ म्हणून उडवून लावणें आम्हांस पसंत नाहीं, आणि इतिहास म्हणून परीक्षेंत लिहविणें तर मुळींच नाहीं. “असें लोक सांगत आले आहेत,” हे पांच शब्द शिक्षकांनीं, आणि घरीं पालकांनींहि, दंतकथेच्या आरंभीं न चुकतां उच्चारावेत. मूल लगेच विचारील, “कोण लोक?” विचारूं द्यावें.