पिल्लांची हाडे, मुलांचे रक्त आणि शिसे

फिनलंडमधील हार्यावाल्टा या गावी १९४५ पासून तांबे गाळण्याचा कारखाना आहे. त्याच्या धुराड्यातून वर्षानुवर्षे तांबे, शिसे, निकेल, कॅडमियम बाहेर पडत राहिले आणि भोवतालच्या पाइनच्या जंगलात साचले. तुर्कू विद्यापीठाचे टापिओ एव्हा आणि एसा लेहिकोइनेन यांनी तिथल्या चिमुकल्या माशीमार पक्ष्यांची घरटी अनेक वर्षे तपासली. कारखान्याजवळ अंड्यांची कवचे पातळ निघत, काही पिल्लांच्या पायांची व पंखांची हाडे वाकडी होत.

दोष फक्त विषाचा, असे वाटेल. पण त्या मातीत गोगलगाईही नाहीशा झाल्या होत्या, आणि गोगलगाईचा शंख हा रानपक्ष्यांचा कॅल्शियमचा मोठा आधार. म्हणजे एकीकडे धातूंचा मारा आणि दुसरीकडे हाडे बांधायला लागणाऱ्या खनिजाचा दुष्काळ. जादा कॅल्शियम पुरवून पाहिले, तेव्हा धातूंचा त्रास कमी झाला.

कारण सरळ आहे. कॅल्शियम कमी पडले की आतडे हावरट होते. ते कॅल्शियम ओढून घेणारी प्रथिने वाढवते, आणि त्याच वाटेने शिसे व कॅडमियमही आत शिरतात. लोहाचेही तसेच. माणसाचे आतडे याला अपवाद नाही. त्यात, गिळलेले शिसे लहान मुले प्रौढांच्या चार-पाच पट शोषतात.

आपल्याकडे मात्र पोषण एका खात्यात आणि प्रदूषण दुसऱ्या खात्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. ‘युनिसेफ’च्या २०२० च्या अहवालानुसार भारतातील सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर आहे. हे दोन आकडे एकाच टेबलावर क्वचितच येतात. वास्तविक शिसे स्वतःच हिमोग्लोबिन तयार होण्यात अडथळा आणते. लोहाचे औषध नेमाने देऊनही मूल फिकटच राहिले, तर शिशाची तपासणी क्वचितच कुणाला सुचते. जिल्हा पातळीवर ती सोय हवी. पेट्रोलमधले शिसे २००० साली गेले, घरगुती रंगांत ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून आहे, पण जुन्या भिंतींचे पोपडे आणि गल्लीबोळात फोडल्या जाणाऱ्या बॅटऱ्या अजून आहेतच.

कॅल्शियमच्या गोळ्या वाटल्या की काम झाले, असा सोयीचा अर्थ कोणी काढू नये. कारखानदारांना तो आवडेल. हार्यावाल्टात १९९० च्या दशकात धुराड्यातून पडणारे धातू घटवले गेले, त्यानंतर माशीमारांची वीण सुधारली. मातीत मुरलेले धातू मात्र धूर कमी झाला म्हणून निघून जात नाहीत.

तोवर दूध, नाचणी, हिरव्या पालेभाज्या आणि वेळेवर जेवण एवढे तरी घरच्या हाती आहे, कारण उपाशी पोटी शिसे अधिक शोषले जाते. आणि रक्तक्षयी मुलाच्या केसपेपरवर आणखी एक प्रश्न यायला हवा: घरात किंवा शेजारी बॅटरीचे, भंगाराचे, रंगाचे काम कोणी करते का?