डीजेच्या यादीत आपली गाणी कुठे आहेत?

‘डीजे बंद करा’ असा ठराव बायकांच्या बैठकीत मांडला की हात पटापट वर जातात. मंडणगड तालुक्यातल्या वाड्यावाड्यांतून मी हे पाहिलं आहे. आवाजाने म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं, तान्ही पोरं दचकतात, हळदीच्या रात्री दारूला ऊत येतो आणि सकाळी मांडवातली भांडी घासायला पुन्हा आपणच. ठरावाला माझा विरोध नाही. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, हे २००० सालचे नियम सांगतातच. ते पाळायला लावलेच पाहिजेत. पण आपल्या बैठकीत किती मोठ्याने वाजलं याचीच तक्रार होते. काय वाजलं, ते कोणी निवडलं, कुठून काढलं, याबद्दल कोणी बोलत नाही. पूर्वी हळदीला गाणी कोण म्हणत होतं? बायकाच ना? मग गाणं आपल्या तोंडातून निघून लॅपटॉपमध्ये कसं गेलं आणि तिथे त्याची काय सोय लागली, हे एकदा बघायला नको का?

मी ते बघून आले. माझा एक भाचा मुंबईला नोकरी करतो आणि शिमग्याला, गणपतीला, मे महिन्याच्या लग्नसराईत गावी येऊन डीजे लावतो. त्याच्या शेजारी बसून मी सगळं समजून घेतलं. त्याच्याजवळ हजारो गाणी आहेत आणि ती कपाटातल्या डब्यांसारखी फोल्डरांत लावलेली आहेत. ‘हळदी नॉनस्टॉप’, ‘आगरी-कोळी’, ‘वरात’, ‘भीमगीतं’, ‘आयटम’. एका फोल्डरचं नाव ‘लेडीज’. मी मोठ्या उत्साहाने ते उघडायला लावलं. आत सिनेमातली जुनी संथ गाणी आणि चार गरबे. म्हटलं, हे का? तर म्हणाला, “मावशी, लेडीज लवकर घरी जातात ना, सुरुवातीला त्यांच्यासाठी हे लावतो.” यात त्याचा काही दोष नाही. लवकर घरी जायचं कोणाला आणि का, हे त्याने ठरवलेलं नाही.

आता ही यादी चालते कशी ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. गाण्याच्या फाईलच्या पोटात एक चिठ्ठी असते. गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, साल, प्रकार, असं तिच्यावर लिहिता येतं. १९९६ पासून एमपी३ फाईलला अशी चिठ्ठी जोडायची पद्धत पडली. डीजेचं सॉफ्टवेअर ती चिठ्ठी वाचतं, गाण्याच्या ठेक्यांचा मिनिटाचा हिशोब काढतं, सूर कोणता ते अंदाजाने सांगतं, आणि एकापाठोपाठ एक कोणती गाणी जुळतील ते दाखवतं. गर्दी समोर नाचत असताना पोराला विचार करायला दहा-वीस सेकंदं असतात. तेवढ्यात जे सापडेल ते वाजतं. ज्या फाईलची चिठ्ठी कोरी, ती सापडत नाही, म्हणून ती वाजत नाही. इतका साधा मामला आहे.

आणि कोऱ्या चिठ्ठ्या कोणाच्या? व्हॉट्सॲपवरून या गावातून त्या गावात फिरलेल्या गाण्यांवर मूळ गाणारणीचं नाव क्वचितच उरलेलं असतं. ‘अननोन आर्टिस्ट’ असं यंत्र स्वतःच लिहून टाकतं. पण त्याच गाण्यात ठेका भरणाऱ्या डीजेचं नाव मात्र दर अर्ध्या मिनिटाला ओरडून सांगितलेलं असतं. म्हणजे जिने गायलं ती अनोळखी आणि ज्याने खाली ढोल लावला त्याचं नाव गावभर. मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्याला नवीन आहे का? शेतात राबणारी एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, हे आपण किती वर्षं सांगत आलो. मुलाच्या नावापुढे आईचं नाव सरकारी कागदावर सक्तीने यायला महाराष्ट्रात १ मे २०२४ उजाडावा लागला, तेही त्या दिवसापासून पुढे जन्मलेल्या मुलांपुरतं.

नाव नीट नोंदलं तर काय होऊ शकतं याचा आपल्याच भाषेत एक मोठा दाखला आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या, त्या मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत गरीब बायांबरोबर काम करता करता. पुढे ते काम हजाराहून अधिक गावांत पसरलं आणि एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. तीन हजारांहून जास्त बायकांनी त्या सांगितल्या. बर्नार्ड बेल यांनी संगणकावर त्यांची मांडणी केली आणि १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण केलं. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये गेल्या, तरी ते काम कपाटात कुजलं नाही. २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकायला मिळतात. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते असं की, प्रत्येक ओवीला विषयाचा क्रमांक आहे आणि गाणारणीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आहे. म्हणून परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आज आपल्याला नावाने माहीत आहेत. माजलगावच्या भीमनगरातल्या राधाबाई बोऱ्हाडे बाबासाहेबांवर ओव्या गातात तेव्हा तो ‘कोण्या एका अडाणी बाईचा भाबडा भाव’ राहत नाही. ते राधाबाईंचं म्हणणं असतं. विद्यापीठांनी ‘लोकगीत’ म्हणून जे बिननावाचं छापलं, त्याला या लोकांनी माणसं परत जोडली.

कायदाही इथे आपल्या बाजूचा आहे, पण तो कोणी सांगत नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आले. तिच्या संमतीशिवाय तिचं गाणं रेकॉर्ड करता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गाणारीला आपलं नाव लावून घेण्याचा हक्कही दिला. हा हक्क ओसरीवर बसून गाणाऱ्या आजीलाही आहे, नुसता स्टुडिओत जाणारीला नाही. मोबाइल पुढे धरून “आजी, म्हणा की एक” असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, आपल्या कार्यकर्त्यांनाही.

आमच्याकडे आम्ही काही जणींनी मिळून हे काम लहान प्रमाणात चालवलं आहे. गौरीची गाणी, झिम्मा-फुगडीची, नाचणी दळतानाच्या ओव्या, लग्नातली. चक्कीवर दळण जायला लागलं तशी जाती परसात पालथी पडली, आणि ज्यांना पाठ आहे त्या बाया सत्तरीच्या पुढच्या आहेत. घाई आहे ती त्याची. मोबाइलवर रेकॉर्ड करतो, पण मूळ फाईल डब्ल्यूएव्ही स्वरूपातच ठेवतो. सीडीच्या दर्जाला ती मिनिटाला साधारण १० एमबी जागा खाते, म्हणून पुष्कळ जणी लगेच एमपी३ करून मूळ पुसून टाकतात. तसं करू नये. एमपी३ करताना जो आवाज गाळला जातो तो परत येत नाही. वाजवायला, पाठवायला एमपी३ करा, मूळ ठेवा. आणि दोन प्रती, दोन वेगवेगळ्या घरांत, शक्य तर दोन वेगवेगळ्या गावांत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने आमच्याकडची छपरं उडवली, कित्येक दिवस वीज नव्हती, घरात होतं नव्हतं ते भिजलं. त्यानंतर ‘एक प्रत पुरे’ असं आमच्यात कोणी म्हणत नाही.

वर्गवारी करायला बसलो आणि खरी भांडणं तिथे झाली. एक ओवी भावाच्या कौतुकाने सुरू होते आणि सासरच्या जाचावर येऊन थांबते. तिला ‘माहेर’मध्ये घालायचं की ‘सासर’मध्ये? कागदाच्या वहीत हा पेच सुटत नाही. संगणकात सुटतो, कारण यादी म्हणजे नुसता निर्देश असतो. एकच फाईल पाच याद्यांत दिसू शकते, फाईलच्या पाच प्रती कराव्या लागत नाहीत. मात्र फाईलचं नाव किंवा जागा मागाहून बदलली की सगळ्या याद्यांतला दुवा तुटतो. म्हणून नाव पहिल्यांदाच विचार करून द्यायचं. आम्ही गाव, गाणारणीचं नाव, पहिले दोन-तीन शब्द, तारीख, या क्रमाने देतो. गाणारणीचं नाव म्हणजे तिचं नाव. ‘अमक्याची आई’ चालत नाही. काही आज्यांना स्वतःचं माहेरचं नाव उच्चारून इतकी वर्षं झाली होती की त्या आधी हसल्या आणि मग सांगितलं.

दुसरं भांडण जातीच्या रकान्यावरून. ओव्यांच्या त्या मोठ्या संग्रहात जात नोंदलेली आहे. आमच्यातली एक म्हणाली, आपण जात मोडायला निघालो आणि आपणच ती लिहायची? दुसरी आंबडव्याच्या बाजूची, म्हणजे बाबासाहेबांच्या मूळ गावाच्या. ती म्हणाली, नाही लिहिलंत तर आमच्या बौद्धवाडीची गाणी ‘कोकणी लोकगीतं’ या गोड नावाखाली जातील आणि पुढे कोणीतरी ती साऱ्या गावाची म्हणून स्टेजवर गाईल, वाडीचं नाव पुसून. मला तिचं म्हणणं पटतं. रकाना ठेवावा, पण आपण अंदाजाने भरू नये. गाणारीण स्वतः सांगेल ते, तिच्या शब्दांत. नको म्हणाली तर कोरा. आमच्या गटात यावर अजून एकमत नाही आणि ते घाईने करावं असं मला वाटत नाही.

तिसरा मुद्दा मात्र मला अगदी स्पष्ट आहे. आपल्या बायकांच्या गाण्यांत सगळंच काही मुक्तीचं नाही. मुलगा व्हावा म्हणून नवस आहेत, सवतीला शिव्याशाप आहेत, अहेवपणी मरण मागणं आहे. काही मैत्रिणी म्हणतात, हे गाळा, चळवळीच्या संग्रहात शोभत नाही. मी म्हणते, साठवताना काहीही गाळू नका. साठवण वेगळी आणि वाजवण वेगळी. संग्रहात सगळं असू द्या, आणि ८ मार्चला किंवा ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला काय लावायचं त्याची यादी आपण निवडून करू. डीजेच्या पोरांना हे चांगलं कळतं. त्यांच्याकडे हजारो गाणी असतात आणि एका रात्रीची यादी शंभराची असते. गाळायची सवय लागली की उद्या दुसरं कोणी आपली गाणी गाळेल, तेव्हा काय सांगणार?

याच जोडीने एक आठवण करून देते. १९८० नंतरच्या दशकात गावोगाव ज्या कॅसेटी फिरल्या, शिबिरांतून जी गाणी आपण टेप केली, त्या कॅसेटी आज कुठे आहेत? १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ रंगमंचावर आणलं, त्या काळातली शिबिरांची ध्वनिमुद्रणं कित्येक कार्यालयांच्या कपाटांत पडून असतील. कोकणच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते. कॅसेट उतरवायला दुसरा जवळचा मार्ग नाही, तासाची कॅसेट तासभर वाजवूनच उतरते. म्हणून हे एकीचं काम नाही. वाटून घ्या, आणि उतरवतानाच आवाज कोणाकोणाचे ते लिहा, कारण ते ओळखणाऱ्या बाया आता थोड्याच उरल्या आहेत.

पुन्हा डीजेकडे येते. भाच्याला मी आमच्यातली पन्नास-साठ गाणी, चिठ्ठ्या नीट भरून, पेन ड्राइव्हवर दिली. फुगडी आणि झिम्म्याची गाणी त्याला लगेच आवडली. त्यांचा ठेका पक्का, चढत जाणारा, आणि एका हळदीत ती लागल्यावर मांडवाच्या कडेला बसलेल्या बाया उठल्या. ओव्यांपाशी यंत्र अडलं. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याबरोबर सैलावते, घट्ट होते, दळणारीला दम लागला की थांबते. सॉफ्टवेअर तरीही एक आकडा ठोकून देतं आणि तो चुकतो. पोरगा म्हणाला, खाली बीट टाकतो, मग बसेल. इथे गटात दोन तट पडले. एकींना ती विटंबना वाटते. दुसऱ्या म्हणतात, तरुण पोरी ऐकणार असतील तर टाकू दे. मला दोन्ही बाजूंनी बोलणारणी जरा उतावीळ वाटतात, कारण गाणारीण जिवंत आहे आणि चार घरं पलीकडे राहते. तिला विचारा.

आम्ही विचारायला लागलो. त्यासाठी यादीत एक रकाना वाढवला आहे, ‘कुठे लावायचं, कुठे नाही’. बहुतेक जणी म्हणतात, लावा कुठेही, फक्त नाव घ्या. एका आजीने बीट टाकायला हौसेने परवानगी दिली आणि तयार झालं की आधी मला ऐकवा म्हणून बजावलं. दुसरीने लेक गेल्यानंतर दळताना म्हटलेल्या ओव्या दिल्या आणि सांगितलं, बायकांच्या बैठकीत ऐकवा, मांडवात नको. तिच्या फाईलपुढे तसंच लिहिलं आहे, आणि भाच्याच्या पेन ड्राइव्हवर ती फाईल दिलेली नाही.