घर सजते, की घडते?

'घर पाहावे बांधून' ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळात घर बांधणे हा घरधन्याच्या कसोटीचा प्रसंग होता. जोते किती उंच ठेवावे, ओसरी कोणत्या दिशेला असावी, देवळी कोठे काढावी, माजघरात उजेड कोठून यावा, या गोष्टी तो गवंडी-सुतारांशी बोलून ठरवत असे. त्यामुळे एकाच आळीतील दोन घरेही तंतोतंत सारखी नसत. आज शहरात राहणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे स्वातंत्र्य येत नाही. चाळीतील खोली असो, सरकारी वसाहतीतील क्वार्टर असो किंवा विसाव्या मजल्यावरील सदनिका असो, भिंती, खिडक्या आणि ओटा यांची जागा दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवलेली असते. आपल्या हाती उरते ते घराचे अंतरंग. म्हणूनच घराच्या सजावटीकडे केवळ हौस म्हणून पाहणे योग्य नाही. आपली आवड, आपल्या आठवणी आणि आपले मूळ यांना घरात स्थान देण्याची तेवढीच संधी आपल्यापाशी शिल्लक आहे.

या संधीचे आपण काय करतो? अलीकडे नव्याने सजवलेली चार घरे पाहावीत. तीच राखाडी रंगाची भिंत, तोच कोपऱ्यातील सोफा, तेच प्लायवुडवर लॅमिनेट चिकटवलेले कपाट. घर दिल्लीत आहे, इंदूरमध्ये आहे की नागपुरात, हे ओळखता येऊ नये इतके साम्य! याचे कारण आपल्या अभिरुचीत जितके आहे, तितकेच उत्पादनाच्या पद्धतीतही आहे. एकाच नमुन्याच्या हजारो वस्तू तयार केल्या की प्रत्येक वस्तूचा खर्च कमी होतो. सुटे भाग सपाट खोक्यात बसवले की वाहतूक स्वस्त पडते. स्वीडनमध्ये 1943 साली सुरू झालेल्या आयकिया या कंपनीने याच मार्गाने जगभर व्यवसाय वाढवला. 2018 मध्ये तिने हैदराबादला भारतातील आपले पहिले दुकान उघडले. अशा उत्पादनाला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. मोजक्या उत्पन्नात संसार थाटणाऱ्या जोडप्याला टिकाऊ टेबल परवडणाऱ्या किमतीत मिळत असेल, तर ती मोठीच सोय आहे. परंतु सोय आणि ओळख या दोन भिन्न गोष्टी आहेत. साऱ्या घरासाठी एकाच सूचीतून वस्तू निवडल्या, तर ते घर सोयीचे होईल, पण ते आपले होईलच असे नाही.

एकसारखेपणाला पर्याय म्हणून लहान, स्वतंत्र दुकानांकडे पाहिले जाते. अशा दुकानाचा मालक कारखान्याने पाठवलेला माल निमूटपणे मांडून ठेवत नाही. तो स्वतः कारागिरांपर्यंत पोहोचतो, नमुने निवडतो, क्वचित नवे नमुने सुचवतो आणि मोजक्याच वस्तू घेतो. या विचाराला जुनी परंपरा आहे. इंग्लंडमध्ये यंत्रयुग भरात असताना, 1861 मध्ये विल्यम मॉरिस याने काही मित्रांसह गृहसजावटीच्या वस्तूंची कंपनी काढली. लाकडी ठशांनी छापलेले भिंतीचे कागद आणि कापड ही पुढे तिची ओळख बनली. वस्तू घडवणाऱ्याला कामात आनंद मिळाला पाहिजे, अशी मॉरिसची धारणा होती.

भारतात या परंपरेला स्वातंत्र्यानंतर वेगळा अर्थ प्राप्त झाला. येथे प्रश्न केवळ अभिरुचीचा नव्हता, तर लाखो विणकर आणि कारागिरांच्या पोटाचा होता. 1952 मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळाची धुरा कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्याकडे आली आणि हस्तव्यवसायांना शहरी बाजारपेठेशी जोडण्याच्या प्रयत्नांना बळ मिळाले. जॉन बिसेल या अमेरिकी गृहस्थाने 1960 मध्ये दिल्लीत फॅबइंडिया सुरू केली. ती आरंभी हातमागाचे कापड परदेशी पाठवणारी कंपनी होती. भारतीय ग्राहकांसाठी तिचे पहिले दुकान 1976 मध्ये उघडले. 1981 मध्ये सहा महिलांनी 'दस्तकार' ही संस्था स्थापन केली. तिच्या बाजारांत कारागीर आणि ग्राहक समोरासमोर येऊ लागले. 1994 मध्ये सुरू झालेल्या दिल्ली हाटमध्येही कारागिरांना आळीपाळीने गाळे मिळू लागले. या साऱ्या प्रयत्नांमुळे शहरातील माणसाला घर सजवताना निवडीला वाव मिळाला, हे मान्य केलेच पाहिजे.

तरीही एक प्रश्न मनात राहतो. स्वतंत्र दुकानातून वस्तू आणली, म्हणजे घराला व्यक्तिमत्त्व येते का? काही वर्षांपूर्वी पुण्यातील अशाच एका लहान, देखण्या दुकानात मी गेले होते. तेथे लाकडी घडवंचीवर एक गोधडी मांडली होती. तिचे रंग सुरेख जुळवलेले होते आणि टाके एका ओळीत होते. किंमत पाहिली, तर ती माझ्या तेव्हाच्या अर्ध्या पगाराहून अधिक होती. "ही कोणी शिवली?" असे मी विचारले. विक्रेत्याने अदबीने उत्तर दिले, "खेड्यातल्या बायका शिवतात." कोणते खेडे, कोणत्या बायका, त्यांना एका गोधडीचे काय मिळते, यांपैकी त्याला काहीच ठाऊक नव्हते. शेजारीच वारली चित्रांचा छाप असलेला प्लास्टिकचा ट्रे होता. लग्नघरी स्त्रिया तांदळाच्या पिठाने भिंतीवर जो चौक लिहितात, त्याचीच आकृती आता चहाच्या कपांखाली आली होती.

घरी परतल्यावर मी आईने शिवलेली आमची जुनी गोधडी पेटीतून काढली. तिच्यात वडिलांच्या धोतराचा तुकडा आहे, आजीच्या लुगड्याचा काठ आहे, धाकट्या भावाच्या बारशाचे झबलेही आहे. रंगसंगती म्हणाल तर मुळीच जुळत नाही. काही टाके वाकडे आहेत, कारण दिवसभराची कामे आटोपल्यावर कंदिलाच्या उजेडात ते घातलेले आहेत. परंतु ती गोधडी दुसऱ्या कोणाच्याही घरात असू शकत नाही. दुकानातील गोधडी सुंदर होती, आमची गोधडी आमची होती. हा फरक किमतीने भरून निघत नाही.

याचा अर्थ लहान दुकानांकडे पाठ फिरवावी, असा मुळीच नाही. त्यांच्यावर महागाईचा आक्षेप घेतला जातो, तोही पुरता न्याय्य नाही. हातमागावर दिवसभर राबूनही विणकराच्या हातून थोडेच कापड उतरते. ठशांच्या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा लागतो आणि प्रत्येक ठसा आधीच्या छापावर अचूक बसवावा लागतो. शिवाय लहान दुकानदार एका नमुन्याच्या दहा-वीसच वस्तू घेतो, त्यामुळे त्याला घाऊक सवलत मिळत नाही. दुकानाचे भाडे मात्र चुकत नाही. हा सारा खर्च किमतीत उतरणारच. मॉरिसलाही ही अडचण सुटली नाही. सर्वांचे घर सुंदर व्हावे असे त्याला वाटे, परंतु हाताने घडवलेल्या त्याच्या वस्तू मुख्यतः श्रीमंतांनाच परवडल्या. ही खंत त्याला अखेरपर्यंत छळत होती.

म्हणून माझे मत असे आहे की, दुकान आपल्याला चांगली वस्तू देऊ शकते, घराचे व्यक्तिमत्त्व देऊ शकत नाही. दुकानाकडून आपण प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवावी. वस्तू कोणी घडवली, कोठे घडवली आणि घडवणाऱ्याला योग्य मोबदला मिळाला का, हे तीन प्रश्न प्रत्येक ग्राहकाने विचारावेत. जे दुकान त्यांची सरळ उत्तरे देते, तेथून एकच वस्तू घ्यावी, पण विश्वासाने घ्यावी. जेथे उत्तर मिळत नाही, तेथे आपण कारागिराच्या कलेचे नव्हे, तर केवळ दुकानाच्या नावाचे मोल देत असतो.

आणि ज्यांना तेही परवडत नाही, त्यांनी आपले घर सामान्य आहे असे मानण्याचे कारण नाही. चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत काचेचे एक शोकेस असे. त्यात पंढरपूरहून आणलेली विठोबाची मूर्ती, मुलाला शर्यतीत मिळालेला पेला आणि मुलीच्या रुखवतातील मण्यांचा मोर शेजारी शेजारी उभे असत. कोणत्याही सजावटकाराने ही मांडणी सुचवली नसती, पण त्या कुटुंबाचा सारा इतिहास तेथे उभा होता. कामासाठी परप्रांतात गेलेला मजूर भाड्याच्या खोलीत गावच्या जत्रेत काढलेला फोटो टांगतो, तेव्हा तोही त्या परक्या भिंतीला आपली करत असतो. घरमालक खिळा ठोकू देत नसेल, तर तो फोटो पत्र्याच्या पेटीवर उभा राहतो. तेवढ्यानेही खोलीचे घर होते.

वस्तू विकत घेताच ती आपली होत नाही. तिचा वापर व्हावा लागतो, ती एकदा तरी दुरुस्त करावी लागते, तिच्याशी एखादा प्रसंग जोडला जावा लागतो. झिजलेला पाट, कानाशी चेपलेला तांब्या, ठिगळ लावलेली गोधडी यांना जे मोल असते, ते याच सहवासातून येते. तेव्हा पुढच्या वेळी घरासाठी काही खरेदी करण्यापूर्वी आधी घरातील पेटी उघडून पाहावी. तेथे एखादी वस्तू आपली वाट पाहत पडलेली असण्याचा संभव आहे. ती बाहेर काढून, पुसून, सर्वांना दिसेल अशा जागी ठेवावी. सजावटीचा आरंभ तेथून झाला, तर दुकानातून आणलेल्या वस्तूलाही त्या घरात नीट जागा मिळेल.